दाखल्यावर दारू कुठेच नसते

एका ताईंनी विचारलं आहे: "माझे काका ४३ व्या वर्षी गेले. वीस वर्षं रोज पीत होते. आषाढीच्या आधी त्यांनी माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी फिट आली, मग असंबद्ध बडबड सुरू झाली. दवाखान्यात नेलं, पण पाचव्या दिवशी गेले. दाखल्यावर 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू' असं लिहिलंय. घरात आता सगळे म्हणतात की दारू सोडली म्हणून ते गेले. माझा थोरला भाऊ रोज पितो, आणि आई त्याला 'सोड' म्हणायलाही घाबरते. डॉक्टर, काका नक्की कशाने गेले? आणि अशा मरणांची कुठे मोजदाद होते का?"

ताई, तुमच्या काकांचे कागद मी पाहिलेले नाहीत. पण तुम्ही लिहिलेला क्रम मला पाठ आहे. वर्षानुवर्षं रोजची दारू, एका दिवसात बंद, तिसऱ्या दिवशी फिट, मग बडबड. तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून सव्वीस वर्षं काम करतोय आणि दरवर्षी हा क्रम पुन्हा पुन्हा पाहतोय. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मागून सांगतो. काका दारू सोडल्याने गेले नाहीत, दारूनेच गेले. सोडताना जे उपचार मिळायला हवे होते ते एक तर मिळाले नाहीत किंवा फार उशिरा मिळाले. "सोडली की माणूस जातो, त्यापेक्षा पीत राहू दे" हा जो अर्थ घरात काढला जातोय, तो तुमच्या भावाच्या जिवावर बेतेल. एवढं लांब लिहितोय ते त्यासाठी.

दारू मेंदूला गुंगी आणते. रोज गुंगी आणणारं काहीतरी पोटात जात राहिलं की जागं राहण्यासाठी मेंदू आपला जोर वाढवतो. गाडीचा ब्रेक कायम दाबलेला असेल तर पुढे जायला अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो, तसं. वर्षं जातात. माणूस कामावर जातो, चारचौघांत बोलतो, आणि बघणाऱ्याला वाटतं याला काही होत नाही. मग एक दिवस दारू बंद होते. ब्रेक सुटतो आणि अ‍ॅक्सिलरेटर मात्र तसाच दाबलेला राहतो. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसरा दिवस संपताना किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही जणांना 'डेलिरियम ट्रेमेन्स' होतो, म्हणजे अंग थरथरतं आणि माणूस भ्रमात जाऊन बडबडू लागतो. वॉर्डात आम्ही त्याला 'डीटी' म्हणतो.

डीटीतला एक पेशंट मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. चाळिशीतला शेतकरी, मांडीचं हाड मोडलं म्हणून हाडांच्या वॉर्डात अ‍ॅडमिट होता. तिसऱ्या रात्री दोन वाजता मला बोलावलं. पलंगावर उठून बसला होता, मोडलेल्या पायाला वजन बांधलंय याचं भानच नव्हतं. चादरीवरून बोटांनी काहीतरी वेचत होता. काय आहे विचारलं तर म्हणाला, "मुंग्या." मग पलंगाची दांडी धरून "हो मागं, सर्ज्या, हो मागं" असं बैलाशी बोलायला लागला. अंग तापलेलं, नाडी १४०, कपाळावरचा घाम गळ्यापर्यंत ओघळत होता. बायकोला विचारलं, "घेतात का?" तिने मान खाली घातली. "थोडी. कधीमधी." दाराबाहेर मुलाने खरं सांगितलं: रोज दोन क्वार्टर, आणि सकाळी उठल्या उठल्या घोटभर घेतल्याशिवाय चहाचा कप हातात ठरत नव्हता. अ‍ॅडमिट करताना आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, त्यांच्यापैकी कुणी सांगितलं नाही. तो वाचला, कारण तो आधीच दवाखान्यात होता. घरी असता तर त्याला कुणी बाहेरचं झालंय म्हणून देवऋष्याकडे नेलं असतं.

उपचारच मिळाले नाहीत तर डीटी झालेल्या शंभरातले पंधरा किंवा त्याहूनही जास्त जण दगावतात. वेळेवर मिळाले तर हा आकडा पाचाच्याही खाली येतो. आणि उपचार काही मोठ्या शहरात जाऊनच मिळतात असं नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम जातीची औषधं (लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम बरं) पुरेशा मात्रेत देऊन पाच-सात दिवसांत हळूहळू उतरवत नेतात. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढायचा. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. रोज पिणाऱ्याचं जेवण तुटलेलं असतं आणि दारूमुळे बी-१ आतड्यातून नीट शोषलंही जात नाही. अशा माणसाला अशक्तपणा आलाय म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर शरीरात उरलंसुरलं बी-१ ते ग्लुकोज वापरण्यात संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे नीट फिरत नाहीत, चाल झोकांडते, स्मृती जाते. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. गावोगावच्या दवाखान्यांत 'ताकदीची बाटली' लावण्याची जी पद्धत आहे, तिच्यात ही चूक मी इतक्या वेळा पाहिलीय की तळमळीने सांगतो: रोज पिणाऱ्या माणसाला सलाइन लावताना बी-१ दिलं का, हे तुम्ही स्वतः विचारा. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

माळेबद्दल आणि श्रावणाबद्दल थोडं बोलतो, कारण आपल्याकडे याचं एक वेळापत्रकच आहे. आषाढीला माळ घालतात, श्रावणात पाळतात, नवरात्रात सोडतात. गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम बंद. मग श्रावणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्याकडे फिट आलेले पेशंट येतात. महिनाभर तग धरलेले पोळ्याच्या करीला पुन्हा सुरू करतात. माळेविरुद्ध मी एक शब्दही बोलणार नाही. माळ घालून कायमचे सुटलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्यामागे जी दिंडी, जे भजनी मंडळ उभं राहतं, त्याची जागा घेईल असं आमच्या औषधांत काही नाही. पण रोज क्वार्टरभर किंवा त्याहून जास्त पिणाऱ्याने माळ घालायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटावं. आणखी एक गोष्ट घरच्यांना माहीत नसते. दरवर्षी असं एकदम सोडायचं आणि पुन्हा धरायचं, यात प्रत्येक वेळचा त्रास आधीच्या वेळेपेक्षा वाढत जातो. मेंदू ठिणगी पडायला जास्त तयार होत जातो. "मागच्या श्रावणात काही झालं नव्हतं" हा भरवसा म्हणूनच धरता येत नाही.

लॉकडाउनमध्ये हे सगळ्या देशाने एकदम पाहिलं. मार्च २०२० मध्ये एका रात्रीत दुकानं बंद झाली. ज्यांना दारूशिवाय चालत नव्हतं त्यांच्यासाठी आधी कुठलीच सोय केलेली नव्हती. मे महिन्यात दुकानं उघडल्यावर लागलेल्या रांगा टीव्हीवर दाखवल्या, लोक त्यावर हसले. त्या रांगांत हात थरथरणारे कितीतरी आजारी होते. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, दुकानं पुन्हा बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. सॅनिटायझर प्यायची वेळ माणसावर हौसेने येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मोजदादीचा. तो मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दवाखान्यात मृत्यू झाला की डॉक्टर 'नमुना ४' भरतात. घरी झाला आणि आधी उपचार चालू असतील तर 'नमुना ४ अ'. त्या कागदावर एकाखाली एक ओळी असतात: मृत्यूचं तात्काळ कारण, ते ज्यामुळे झालं ते कारण, आणि सगळ्यात खाली मूळ कारण. शिवाय हातभार लावणाऱ्या इतर आजारांसाठी वेगळी जागा. त्याच कागदावर सूचना असते की हृदय बंद पडणं यासारखा मरणाचा प्रकार लिहू नका, ज्या आजाराने मरण आलं तो लिहा. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच बंद पडतो. तरीही तीच ओळ सगळ्यात जास्त लिहिली जाते. तुमच्या काकांच्या कागदावर खरं तर असं असायला हवं होतं: तात्काळ कारण फिट किंवा डेलिरियम, त्यामागे दारूचं विड्रॉवल (म्हणजे दारू एकदम थांबल्यावर होणारा त्रास), आणि मूळ कारण दारूचं अवलंबित्व.

का लिहीत नाहीत? आळस हे एक कारण आहेच, ते मी माझ्या व्यवसायाच्या वतीने कबूल करतो. रात्री तीन वाजता एकटा ज्युनिअर डॉक्टर, बाहेर पाच नातेवाईक, तो सुटसुटीत ओळ लिहून मोकळा होतो. पण दुसरं कारण दया आहे. "साहेब, तेवढं दारूचं लिहू नका" असं म्हणत विधवा समोर उभी असते. तिला लाजेची भीती असते आणि पैशांचीही. नशेत असताना झालेला मृत्यू अपघात विम्याच्या अटींत बसत नाही. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी अपघात योजनेतही ती अट आहे. दोन मुलं पदरात असलेल्या बाईसमोर पेन हातात घेऊन बसलेल्या डॉक्टरला नियम आठवत नाही. मीही तरुणपणी अशी दोन-चार प्रमाणपत्रं भरली आहेत, आणि ती चूक होती असं आज मला वाटतं. त्या बाईला आधार द्यायचे दुसरे रस्ते शोधायला हवे होते.

परिणाम काय होतो ते बघा. लिव्हर सुकून रक्ताची उलटी होऊन गेलेला माणूस 'रक्तस्राव' म्हणून नोंदला जातो. दारूच्या नशेत कीटकनाशक प्यायलेला 'विषप्राशन' होतो. रात्री मोटरसायकल पुलाच्या कठड्यावर आदळलेला 'डोक्याला मार' होतो, आणि त्याच्या रक्तातल्या दारूचा प्रयोगशाळेतला अहवाल येईपर्यंत मृत्यूची नोंद कधीच होऊन गेलेली असते. टीबीने गेलेला 'टीबी' होतो. (जास्त पिणाऱ्याला टीबी होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, आणि गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांतही हेच पुढे असतात.) घशाचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर होऊन गेलेला 'कॅन्सर' होतो. त्याच्याबाबत सगळे तंबाखूला दोष देतात आणि तो बरोबरही असतो, पण तंबाखू आणि दारू एकत्र आल्या की धोका कित्येक पटींनी वाढतो, हे कुणी सांगत नाही. गावात वर्षाला आठ-दहा अशी मरणं होतात, सगळ्या गावाला खरं ठाऊक असतं, आणि सरकारी वहीत दारूपुढे शून्य.

मग जे आकडे आपण वाचतो ते येतात कुठून? ते दाखले मोजून येत नाहीत. काही आजार पूर्णपणे दारूचेच असतात, ते शंभर टक्के तिच्या खात्यात. बाकीच्या आजारांत लोक किती पितात आणि त्या पिण्याने धोका किती वाढतो, यावरून हिशेब काढतात की दारू नसतीच तर यांतली किती मरणं टळली असती. या पद्धतीने जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालासाठी काढलेला सगळ्या जगाचा आकडा २६ लाख आहे. त्यात साधारण १६ लाख लिव्हर, हृदय, कॅन्सर यांसारख्या आजारांचे, ७ लाख अपघात, आत्महत्या, मारामारी अशा इजांचे आणि ३ लाख टीबीसारख्या संसर्गांचे. जगात २० ते ३९ या वयात होणाऱ्या मरणांपैकी साधारण १३ टक्के दारूशी जोडलेली आहेत. या वयात घरात लहान लेकरं असतात आणि अंगावर कर्ज असतं, म्हणून मला हाच आकडा सगळ्यात जास्त छळतो.

२६ लाखांना ३६५ ने भागलं तर रोजचे सात हजारांवर होतात. मुंबईतल्या मालवणी वस्तीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली तेव्हा राज्य हादरलं, पोलीस निलंबित झाले, खटला चालला. ते योग्यच होतं. अशा दारूतलं मिथेनॉल हे भयंकर विष आहे. ते पोटात गेल्यावर सुरुवातीला साध्या नशेसारखंच वाटतं. मग दहा-वीस तासांनी शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं, नजर धूसर होते, श्वास जोरजोरात चालू लागतो. "डोळ्यांपुढं पांढरं पांढरं दिसतंय" असं गावठी प्यायलेला कुणीही म्हणाला तर त्याला झोपवू नका, त्याच क्षणी डायलिसिसची सोय असलेल्या दवाखान्यात पोहोचवा. डोळे आणि जीव, दोन्ही तासांवर असतात.

पण मालवणीने एक चुकीचा समज पक्का केला, की मारते ती हातभट्टी आणि सीलबंद, लायसनवाली दारू सुरक्षित. माझ्या वॉर्डात पोटात पाणी होऊन पडलेल्या माणसांपैकी बहुतेकांनी आयुष्यभर सरकारमान्य दुकानातलीच घेतली होती. हिशेब साधा आहे. १८० मिलीची क्वार्टर, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पुरुषाने रोज एवढं दहा वर्षं घेतलं की लिव्हर सुकायच्या धोक्याच्या पट्ट्यात तो येऊन पोहोचतो. बाईच्या बाबतीत त्याच्या निम्म्यानेही तेच होतं. प्रत्येकाचं लिव्हर सुकत नाही हे खरं. म्हणूनच "आमचे आजोबा ऐंशी वर्षं प्यायले" असं सांगणारा प्रत्येक गावात भेटतो. चाळिशीत गेलेले सांगायला येत नाहीत. स्ट्राँग बीअर म्हणजे दारू नव्हे असं मानणाऱ्या तरुणांनाही सांगतो: ६५० मिलीच्या आठ टक्केवाल्या एका बाटलीत चाळीस ग्रॅमच्या वर अल्कोहोल असतं, म्हणजे क्वार्टरच्या दोन तृतीयांश.

लिव्हरचा आजार बोलत नाही, ही त्याची मोठी अडचण. पहिली कित्येक वर्षं दुखत नाही, खुपत नाही. नंतर कावीळ दिसते आणि लोक गळ्यात मुळ्यांची माळ घालायला किंवा नाकात रस पिळून घ्यायला जातात. विषाणूची साधी कावीळ बहुधा आपोआप उतरते, म्हणून त्या वैदूची ख्याती असते. दारूची तीव्र कावीळ मात्र महिन्याभरात साधारण तिघांतल्या एकाला नेते. तिथे गेलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत. या आजारात सगळ्यात गुणकारी उपचार दारू पूर्ण थांबवणं हाच आहे. सुकलेलं लिव्हर घेऊन दारू सोडलेले आणि नंतर पंधरा-पंधरा वर्षं शेती केलेले पेशंट माझ्याकडे आजही तपासणीला येतात.

"स्वतःच्या हाताने मरतो, त्यात सरकारने काय करायचं?" असं मला गावच्या सभेत विचारतात. सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, जी एम्सच्या व्यसनमुक्ती केंद्राने केली होती, देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५ कोटी ७० लाखांना तिचा त्रास होतो किंवा तिचं व्यसन आहे असं आढळलं. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं तीच पाहणी सांगते. डायबेटिसच्या ३८ पेशंटांतल्या एकालाच औषध मिळतं असं उद्या कळलं, तर आपण तो पेशंटचा दोष मानू का?

दारू कुठे, किती वाजेपर्यंत, केवढ्याला मिळते यावर गावातली मरणं ठरतात, आणि या तिन्ही गोष्टी माणसाच्या इच्छाशक्तीच्या हातात नाहीत. सोव्हिएत रशियात १९८५ मध्ये दारूचं उत्पादन आणि विक्री आवळली, तेव्हा दोन वर्षांत पुरुषांचं सरासरी आयुर्मान साधारण तीन वर्षांनी वाढलं. पकड सैल झाली आणि ते पुन्हा कोसळलं. जगातल्या सगळ्या औषधांत एवढ्या वेगाने एवढे जीव वाचवणारं औषध मला माहीत नाही. आपल्याकडे जून २०२५ मध्ये राज्याने देशात बनणाऱ्या विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. ते तिजोरीसाठी केलं, पण किंमत वाढली की नव्याने सुरू करणारी पोरं कमी पितात, म्हणून मी त्याचं स्वागतच केलं. माझी मागणी एवढीच की त्या वाढीव पैशातला काही वाटा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात विड्रॉवलसाठी चार खाटा, एक समुपदेशक आणि वर्षभर पुरेल इतकी औषधं यांवर खर्च व्हावा.

दारूबंदीबद्दल माझं मत सरसकट नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. वर्ध्यात ती दशकानुदशकं कागदावर आहे. बंदी हवी ही मागणी बहुतेक वेळा बायकांकडून येते आणि तिच्यामागे मार खाल्लेली पाठ असते, म्हणून तिला हलकं लेखणं मला जमत नाही. पण नुसता कायदा करून पिणाऱ्यांना तसंच सोडलं तर धंदा अंधारात जातो. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारूमुक्तीचा उपक्रम तिथे गावांच्या समित्या, चोरट्या विक्रीवर धाक आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचाराचे दवाखाने अशी तिन्ही कामं एकत्र करतोय. मला तो रस्ता पटतो. बंदी नसलेल्या जिल्ह्यांतही गावाला 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान मागता येतं (आडवी म्हणजे दुकान बंद). तिथे झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे ऊसतोडीला गेलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. ही अट बदलायला हवी.

आता तुमच्या भावाबद्दल.

पहिलं, त्याला नकळत काही देऊ नका. 'जेवणात मिसळा, न सांगता दारू सुटेल' अशा पुड्यांच्या जाहिराती सगळीकडे आहेत. त्यांत काय असतं हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. डायसल्फिरामसारखं औषध जर माणसाच्या नकळत पोटात गेलं आणि वर त्याने दारू घेतली, तर बीपी एकदम कोसळून तो जागच्या जागी मरू शकतो. हे औषध वाईट नाही. ज्याला ते माहीत आहे, ज्याने ते स्वतः मागितलंय, ज्याची तपासणी झालीय त्याला त्याचा उपयोग होतो. फसवून दिलेलं मात्र विष ठरतं.

दुसरं, त्याला कोंडून ठेवून किंवा शपथ घालून एका दिवसात सोडायला लावू नका, आणि आईच्या भीतीपायी तसाच पीतही राहू देऊ नका. रोज सकाळी हात थरथरतात का, आधी कधी फिट आलीय का, एक दिवस चुकला तर घाम फुटतो का, हे बघा. यांतलं एक जरी 'हो' असलं तरी सोडताना अ‍ॅडमिट व्हावं. पाच ते सात दिवस. तोवर त्याने स्वतःहून एकदम थांबवू नये, पोटभर जेवावं, आणि डॉक्टरांनी दिलेल्या बी-१ च्या गोळ्या सुरू कराव्यात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे ही सोय मिळते. १४४१६ वर टेलि-मानस आहे, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आता बऱ्याच तालुक्यांत भरतात, पैसे लागत नाहीत. खासगी केंद्र निवडणार असाल तर आधी स्वतः जाऊन बघा: तिथे डॉक्टर रोज येतो का, पेशंटला घरच्यांशी बोलू देतात का, मारतात का. साखळीने बांधणारी केंद्रंही आहेत. तिथे विड्रॉवलमध्ये गेलेला माणूस पुन्हा 'हृदय बंद पडून' म्हणूनच नोंदला जातो.

सात दिवसांनी अंगातून दारू जाते, ओढ जात नाही. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधं आहेत, आणि लिव्हर खराब असलेल्यांना बॅक्लोफेन देतात. ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. मध्ये एकदा घसरला तर घरात "झालं, गेले पैसे पाण्यात" असं म्हणू नका. बीपीची गोळी चुकलेल्याला आपण जसं पुन्हा दवाखान्यात नेतो, तसं न्या. तीन-चारदा घसरून मग कायमचा सुटलेला माणूस हा माझ्याकडचा नेहमीचा अनुभव आहे.

आणि जाताना एक कागद सोबत न्या. भाऊ समोर असताना आईच्या तोंडून "थोडी, कधीमधी" असंच निघेल, म्हणून आधीच घरी बसून लिहा: रोज किती घेतो, किती वर्षं, सकाळी लागते का, शेवटची कधी घेतली, कधी फिट आली होती का, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली होती का. त्याच कागदावर वरच्या ओळीत काकांचं लिहा: रोजची दारू वीस वर्षं, एकदम बंद, तिसऱ्या दिवशी फिट, पाचव्या दिवशी मृत्यू. त्यांच्या दाखल्यावर हे नाही, त्यामुळे भावाला तपासणाऱ्या डॉक्टरला हे तुमच्याशिवाय कुणी सांगणार नाही.